निखाऱ्यांवरची किल्ली

मित्रांनो, गच्चीच्या कोपऱ्यात तांबड्या फुलांचं रोप पोटात घेऊन बसलेली ही काळपट परात पाहून तुम्ही मला कुंडी समजाल. त्यात तुमची चूक नाही. पण मी कुंडी नाही. मी ग्रानादा शहरातली तांब्याची एक जुनी शेगडी आहे, आणि जन्मभर पोटात निखारे बाळगूनही मी फार भित्री आहे. मला चोराची भीती वाटत नाही, वादळवाऱ्याची वाटत नाही. मला माझीच भीती वाटते. एका हिवाळ्यात एका परदेशी मुलीचा जीव माझ्यापायी जाणार होता. ती गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तांबटाने मला ठोकून ठोकून परातीसारखं उथळ पोट दिलं आणि दोन बाजूंना पितळी कड्या बसवल्या. आंगुस्तियासबाईंच्या लग्नात मी त्यांच्या माहेराहून या घरात आले. आमच्याकडची घरं उन्हाळ्याला भिऊन बांधलेली असतात. भिंती जाड, फरशी गार, खिडक्या लहान. हिवाळ्यात डोंगरावरून बर्फाचा वारा उतरला की रस्त्यावर उन्हात उभं राहिलेलं बरं, पण घरात बसणं नको होतं. अख्ख्या घरात उबेची जागा एकच, जेवणाच्या खोलीतलं गोल टेबल. या टेबलाला जमिनीपर्यंत लोळणारा जाड लोकरी परकर नेसवतात आणि त्या परकराच्या आत, मधोमध, लाकडी चौकटीत मला ठेवतात. सगळे टेबलाभोवती बसतात, परकर मांड्यांवर ओढून घेतात आणि पाय माझ्याकडे करतात. वर जेवण, पत्ते, रेडिओ आणि वादावादी चाललेली असते. खाली मला दिसतात ते नुसते पाय. म्हणून मी माणसांना तोंडावरून नाही, पायांवरून ओळखते.

आंगुस्तियासबाईंच्या नडग्यांवर तांबूस चट्टे होते. वर्षानुवर्षं शेगडीजवळ बसून आमच्याकडच्या बायकांना ते पडतातच. ज्या बाईला ते नाहीत ती या गावची नव्हे, असं खुशाल समजावं. बाई विधवा होत्या, जिभेने तिखट आणि हाताने सढळ. नवरा गेल्यावर त्यांनी दोन खोल्या भाड्याने दिल्या. एका खोलीत एलादियो नावाचे गृहस्थ वीस वर्षं राहत होते. ट्राममध्ये कंडक्टर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. थंडी पडली की त्यांच्या पायांची बोटं सुजून लाल व्हायची आणि त्यांना खाज सुटायची, त्यामुळे मोजे काढून ते माझ्या अगदी जवळ पाय आणायचे. बाई त्यांना नावाने कधी हाक मारत नसत. "कंडक्टर, तुमची बोटं आहेत की गाजरं? आमटीत टाकू का?" असं म्हणायच्या. यावर शेजारची त्रिनी विणकाम बाजूला ठेवून पोट धरून हसायची. हा विनोद मी हजार वेळा तरी ऐकला असेन.

निखारे ढवळायला एक पितळी पळी असते. ती मात्र बाईंचीच. उन्हाळ्यात वाळवलेल्या सुवासिक फुलांची चिमूट निखाऱ्यांवर टाकायची, पळीने राख सारायची आणि आतला लाल निखारा वर आणायचा, हा घरधनिणीचा मान. भाडेकरूने पळीला हात लावायचा नाही.

आता माझ्या भीतीबद्दल सांगते. बाईंच्या लग्नानंतरच्या सहाव्या हिवाळ्यात या घरात पिंजऱ्यातला एक पिवळा पक्षी होता. खूप गारठा पडला होता, म्हणून सर्वांनी दारं-खिडक्या गच्च लावून मला पिंजऱ्याजवळ ठेवलं आणि सगळे सणाच्या प्रार्थनेला गेले. परत आले तेव्हा पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून पडला होता. मित्रांनो, बंद खोलीत माझ्या निखाऱ्यांतून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो मला आवरता येत नाही आणि मला ओरडताही येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मी काय करू शकते.

पण दोष माझ्यावर आलाच नाही. बाईंची सासू तेव्हा हयात होती. ती म्हणाली, "लोखंड घातलं नव्हतंस ना शेगडीत? मग दुसरं काय होणार! लोखंड विष खातं." कुठल्याशा पडलेल्या गोठ्याची वीतभर लांब लोखंडी किल्ली तिने शोधून काढली आणि निखाऱ्यांवर ठेवली. तेव्हापासून मला पेटवलं की आधी किल्ली. सासू गेली, किल्ली राहिली. अहो, लोखंड काही खात नाही! ती किल्ली माझ्यात पडून नुसती तापायची. या घरात पुढे कुणाला काही झालं नाही, कारण टेबलाजवळचं कुणी ना कुणी सारखं उठायचं. कुणाला पाणी हवं असायचं, कुणी दारात डोकवायचं, त्रिनी तर तासात चारदा ये-जा करायची. दार उघडायचं आणि वारा आत यायचा. शाबासकी मात्र दर वेळी किल्लीला मिळायची.

एकोणीसशे चौसष्टच्या ऑक्टोबरात दुसऱ्या खोलीत ती मुलगी आली. रोसारियो माग्बानुआ तिचं नाव, वय एकोणीस. फिलिपाइन्समधल्या इलोइलो गावाहून जहाजाने आणि मग आगगाडीने महिनाभर प्रवास करून ती इथे औषधांचं शिक्षण घ्यायला आली होती.

"नाव तर आमचंच की गं!" पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या. "माझ्या मावशीचं नाव रोसारियो. आम्ही तिला चारो म्हणायचो. तूही चारोच. आडनाव मात्र कुठल्या भांड्यातून काढलंस?"

आमची भाषा ती पुस्तकातून शिकली होती, आणि पुस्तकातली माणसं शब्द पूर्ण उच्चारतात. ग्रानादाची माणसं शब्दांच्या शेपट्या खाऊन टाकतात. तीन माणसं एकदम बोलायला लागली की तिला काही कळत नसे. हे मला तिच्या पायांवरून समजायचं. तिचे पाय लहान होते, एकावर एक दोन मोजे घातलेले, बोटं आत मुडपलेली. वर कुणी तिचं नाव घेतलं की गुडघे एकमेकांना चिकटायचे. वर हशा पिकला की टाचा उचलल्या जायच्या, जणू पोरगी आता उठून पळणार. ती जीव मुठीत धरून जेवायची. बाई ताटात मसूर वाढत राहायच्या आणि म्हणायच्या, "खा की! वाऱ्याने उडून जाशील, आणि तुझ्या आईला मी काय सांगू?" ती खायची. नको म्हणायचीही तिला भीती वाटत होती.

नोव्हेंबरात बाईंनी मला अंगणात पेटवून आणलं आणि किल्ली ठेवली. त्या संध्याकाळी चारो पहिल्यांदा आपणहून बोलली. एकेक शब्द जुळवत तिने विचारलं, "सेन्योरा, कोळसा... घरात? खिडकी बंद? आमच्याकडे चूल बाहेर असते. हे... चांगलं नाही ना?"

मित्रांनो, काय सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता.

बाई हसल्या. त्रिनी हसली. एलादियोसुद्धा खुदकन हसले.

"अगं, किल्ली आहे ना!" बाई म्हणाल्या. "माझी आजेसासू, सासू आणि मी, तीन पिढ्या शेगडीला पाय लावून बसलोय. मेलोय का आम्ही? औषधं शिकायला आलीस, हेही शिकून घे. लोखंड विष खातं."

चारोच्या टाचा पुन्हा उचलल्या गेल्या. "हो," ती म्हणाली. ते 'हो' ऐकून माझे निखारे गार पडायचेच बाकी होते. कारण त्यात पटल्याचा सूर नव्हता. परक्या गावात मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं, असा तो सूर होता.

डिसेंबरात पावाची भानगड झाली. घरात थोडी मदत करावी म्हणून चारो सकाळी पाव आणायला गेली. आमच्याकडे दुकानात रांग दिसत नाही. माणसं कशीही उभी असतात. आत शिरताना मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" ज्याने हात वर केला त्याच्यानंतर आपला नंबर. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती भिंतीला टेकून तासभर उभी राहिली. बायका येत होत्या, विचारत होत्या, पाव घेऊन जात होत्या. शेवटी पाव संपला आणि ती रिकामी पिशवी घेऊन परत आली.

दुपारी टेबलावर बाईंनी ही गोष्ट तिखटमीठ लावून त्रिनीला सांगितली. "तासभर! खांबासारखी! पाववाल्याला वाटलं, कुणी देवीची मूर्ती आणून ठेवलीय!" सगळे खो खो हसले. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण टेबलाखाली तिच्या एका मोज्यावर पाण्याचा थेंब पडलेला मी पाहिला.

त्यानंतर ती टेबलाशी फार बसेनाशी झाली. ताट रिकामं केलं की "अभ्यास" एवढंच बोलून खोलीत जायची. तिची खोली उत्तरेला होती आणि तिथे ऊन कधीच येत नसे. बाहेर तोंडातून शब्द न काढणारी ती मुलगी दार लावून घेतलं की मोठमोठ्याने बोलायची. औषधांची नावं म्हणायची, आणि मध्येच, "शेवटचं कोण? मी आहे! मला दोन पाव द्या!" असंही घोकायची. दुपारी जेवणानंतर तीन ते पाच आमचं गाव झोपतं. त्या वेळात कुणी कुणाचं दार ठोठावत नाही; घर जळत असेल तरच ठोठावावं, असा नियमच आहे. त्या शांततेत तिचा आवाज मला टेबलाखाली ऐकू यायचा. एलादियोंनाही यायचा. बोटांच्या खाजेने त्यांना झोप लागत नसे. ते लवकर उठून माझ्यापाशी येऊन बसायचे आणि तो आवाज ऐकत राहायचे. एकदा ते स्वतःशीच म्हणाले होते, "पोरगी आज दोन नव्हे, तीन पाव घेतेय. प्रगती आहे."

फेब्रुवारीत तिची तोंडी परीक्षा होती. चार प्राध्यापकांसमोर उभं राहून बोलायचं. नापास झाली असती तर तिची शिष्यवृत्ती बंद होऊन तिला परत जावं लागलं असतं. परीक्षेआधीच्या गुरुवारी गारठा असा पडला की अंगणातल्या हौदावर बर्फाची साय धरली. जेवणं झाली, सगळे झोपायला गेले. मी राखेखाली धुमसत टेबलाखाली एकटी होते. इतक्यात परकर वर झाला आणि एक तोंड आत डोकावलं. तीन महिने मी जिचे पाय पाहत होते तिचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गोल, सावळं, आणि डोळ्यांत अशी भीती की मला ती लगेच ओळखू आली. माझ्या पोटातही तीच होती.

तिने फडक्यांनी माझ्या कड्या धरल्या आणि मांजराच्या पावलांनी मला तिच्या खोलीत नेलं. पाच वाजायच्या आत परत आणून ठेवू, असाच तिचा विचार असणार. चोरी करायची तिच्यात धमक नव्हती. फक्त टेबलाशी न बसता ऊब हवी होती. तिने दार लावलं. दाराखालच्या फटीला शाल लावली. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या आधीच कोंबलेल्या होत्या. आणि मग, मित्रांनो, तिने किल्ली नीट मधोमध ठेवली. दोनदा सरळ केली. इथल्या माणसांनी शिकवलं तसं सगळं तिने मन लावून केलं.

मला ओरडायचं होतं. अगं, उघड ती खिडकी! तुझीच शंका खरी होती! पण मला तोंड आहे ते फक्त निखाऱ्यांसाठी. ती वही घेऊन माझ्यापाशी बसली आणि मोठ्याने म्हणू लागली. मी राख अंगावर ओढून विझायचा प्रयत्न केला. तिने वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला आणि मला पुन्हा फुलवलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती कपाळ चोळू लागली. एक ओळ तिने तीनदा म्हटली. मग म्हणाली, "शेवटचं..." आणि थांबली. तिचं डोकं पलंगाच्या कडेवर टेकलं आणि वही हातातून सुटली. मला त्या पिवळ्या पक्ष्याची आठवण झाली.

तेवढ्यात बाहेर एलादियोंची पावलं वाजली. ते टेबलाशी बसले असावेत आणि पाय आत घातले असावेत, कारण त्यांचा आवाज आला, "अरेच्चा! शेगडी कुठे गेली?"

मग ते खोलीच्या दाराशी आले. मी त्यांचा श्वास ऐकत होते. ठोठावावं की नाही? दुपारची वेळ, मुलीची खोली, आणि ते पडले एकटे पुरुष. वीस वर्षांत त्यांनी कुणाचं दार वाजवलं नव्हतं. एका बोटाने त्यांनी दार वाजवलं, इतकं हळू की पालीलासुद्धा जाग आली नसती. मग पुन्हा एकदा, तितकंच हळू. मग ते माघारी फिरले. त्यांची पावलं बाईंच्या खोलीकडे गेली.

"कोण मेलं?" बाईंचा आवाज आला.

"कुणी नाही. शेगडी नाही टेबलाखाली. चारोने नेलीय वाटतं."

"पाय गार पडले म्हणून मला उठवलंत? कंडक्टर, तुम्हाला लाज कशी वाटत नाही! नेली असेल बापडीने, तिच्या खोलीत बर्फ पडतो."

"पण दार बंद आहे..."

"किल्ली नेलीय का सोबत?"

"किल्लीही दिसत नाही."

"मग झालं तर! किल्ली आहे. झोपा जा."

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी माझी पाचावर धारण बसली. किल्ली आहे! पलंग कुरकुरला, बाईंनी कूस बदलली असणार. एलादियो परत आले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही. ते उभेच होते. मग ते हळूच स्वतःशी म्हणाले, "पण ती बोलत का नाही?"

पुन्हा दाराशी आले. "शेवटचं..." नंतरची ती शांतता त्यांनी ऐकली, आणि या वेळी त्यांनी मुठीने दार बडवलं. "चारो! चारो पोरी! आज पाव नाही घ्यायचा का?" कडी आतून होती. त्यांनी खांदा लावला. म्हातारा माणूस, पण चाळीस वर्षं ट्रामच्या दांड्याला लटकलेला खांदा तो! कडी उखडली, शाल फरफटली आणि गार वारा आत घुसला. आयुष्यात मला वारा एवढा गोड कधीच लागला नव्हता.

पुढचं मला तुटकतुटक आठवतं. एलादियोंनी तिला उचलून अंगणात नेलं. बाई अनवाणी धावल्या, तिच्या गालांवर चापट्या मारत ओरडत होत्या, "ऊठ! ऊठ म्हणते ना! माझ्या घरात असं चालणार नाही!" कुणीतरी मला कड्यांना धरून अंगणात भिरकावलं. माझ्या तळाला त्या वेळी जी चीर गेली ती आजही आहे. निखारे फरशीवर विखुरले आणि किल्ली खणखणत गटारापाशी जाऊन पडली. मी उपडी पडले होते आणि मला काही दिसत नव्हतं. मग ओकारीचा आवाज आला, खोकला आला, आणि रडू आलं. ते रडू ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

समोरच्या घरातले डॉक्टर आले. नाडी पाहून म्हणाले, "अजून वीस मिनिटं उशीर झाला असता, तर मला बोलवायचं काही कारण उरलं नसतं." मग किल्ली फरशीवर खणखणली, त्यांनी ती पायाने उलटवली असणार. "ही कशाला होती?"

"विष खायला," बाई पुटपुटल्या.

"किल्ली दार उघडायला असते, बाई," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दोन दिवस चारो अंथरुणात होती. तिसऱ्या दिवशी तिने बॅग भरायला काढली. त्या दिवशी रविवार होता. तांबटाने माझी चीर ठोकून बसवली होती आणि मी पुन्हा टेबलाखाली होते, लाजेने काळी झालेली. बाईंनी तिला हाताला धरून आणून टेबलाशी बसवलं. "जायचं तर जा. पण आधी सांग, एवढी कशाची भीती वाटली तुला? चोरासारखी शेगडी घेऊन गेलीस ती?"

पायांची बोटं मुडपली गेली. मग ती म्हणाली, "टेबलाची."

"टेबलाची?"

"तुम्ही सगळे हसता. मला कळत नाही का हसता. मला वाटतं, मलाच हसता."

"अगं वेडाबाई!" बाईंचा आवाज चढला. "आम्ही या कंडक्टरच्या बोटांना हसतो! वीस वर्षं त्यांनाच हसतोय. दुसरा विनोद आहे कुठे या घरात?"

"पावाला हसलात."

बाईंचे पाय खुर्चीखाली मागे सरकले.

"आणि मी किल्लीचं विचारलं होतं," चारो म्हणाली. ती आता रडत होती, पण थांबत नव्हती. एवढं ती या घरात कधीच बोलली नव्हती. "मी शिकलेय ते. बंद खोलीत कोळसा वाईट, हे मला माहीत होतं. तुम्ही हसलात. मग मला वाटलं, मला काही माहीत नाही."

मग बाई उठल्या. त्यांनी पदराने, म्हणजे त्यांच्या त्या काळ्या शालीच्या टोकाने, डोळे पुसले असणार, कारण नाक ओढल्याचा आवाज आला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "तू बरोबर होतीस आणि मी म्हातारी हसत बसले. तुझ्या आईला मी तोंड दाखवू शकले नसते." मी पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती ऐकली. त्या खिडकीपाशी गेल्या, ती हातभर उघडली आणि मिटू नये म्हणून फटीत एलादियोंचा एक जुना बूट अडकवला. "हिवाळाभर हा बूट इथून हलला, तर हलवणाऱ्याला मी जेवायला घालणार नाही."

"आणि मला तो बूट लागला तर?" एलादियोंनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचाय? बोटं मावतात का त्यात?"

सगळे हसले. मित्रांनो, या वेळी त्या लहान पायांच्या टाचा उचलल्या गेल्या नाहीत. तीही हसत होती, रडक्या आवाजातच. मग परकर वर झाला आणि एक सावळा हात आत आला. त्या हातात पितळी पळी होती. बाई वरून सांगत होत्या, "हळू. कडेने राख सार. आज तू कर." तिने माझे निखारे ढवळले. कडेने राख सारली आणि आतला लाल निखारा वर आणला.

सोमवारी ती परीक्षेला गेली. तिसऱ्या प्रश्नाला अडखळली, पण बोलत राहिली, असं तिने दुपारी सांगितलं. ती पास झाली. त्या आठवड्यात एकदा ती जेवायला उशिरा आली. टेबल भरलं होतं. दारात उभी राहून तिने मोठ्याने विचारलं, "शेवटचं कोण?" एलादियोंनी हात वर केला असणार. "मी! ये, माझ्यानंतर तूच!" पाच वर्षं ती इथे राहिली. परत गेली तेव्हा तिच्या नडग्यांवर आमच्याकडच्या बायकांसारखे तांबूस चट्टे होते. ते पाहून इलोइलोच्या डॉक्टरांनी कुठला रोग काढला असेल, देव जाणे.

नंतर विजेची शेगडी आली आणि मला माळ्यावर टाकलं. एलादियो गेले, बाई गेल्या, टेबलही गेलं. आता या घराच्या सात खोल्या झाल्या आहेत. दर खोलीत एक परदेशी विद्यार्थी राहतो आणि दर खोलीला स्वतःची कडी आहे. माझ्या तळाच्या चिरेतून पाणी छान निथळतं, म्हणून मला कुंडी केलं. तक्रार नाही. कधी कधी एखादी मुलगी गच्चीवर येऊन फोनवर घरच्यांशी बोलते. तिची भाषा मला कळत नाही. पण पायांत एकावर एक दोन मोजे असतात आणि बोटं मुडपलेली असतात. मग ती खाली जाते, कडी लावल्याचा आवाज येतो, आणि मी पुन्हा घाबरते.

म्हणून सांगते, मित्रांनो. मला जपलं नाहीत तरी चालेल, पण माणसांना जपा. थंडीत खिडकी हातभर उघडी ठेवा. नव्या माणसाने भीत भीत काही विचारलं तर हसू नका. त्याला कदाचित तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आणि भिंतीपलीकडचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला, तर वेळ कुठलीही असो, दार ठोठावा. एलादियोंनी त्या दुपारी तीनदा ठोठावलं. पहिल्या दोन वेळा इतकं हळू की ते फक्त मला ऐकू आलं. तुम्ही तिसऱ्यापासून सुरुवात करा.